संत्र्याची छाटणी : केव्हा आणि किती

संत्र्याच्या झाडाला कात्री लावायची म्हटले की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : वनस्पती हाही एकेंद्रिय जीव, मग श्रावकाने फांदी कापावी काय? प्रश्न रास्त आहे. परंतु झाडाला हातच न लावणे हे त्याचे उत्तर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

न छाटलेल्या झाडाचा घेर दाट होतो, आत ऊन-वारा शिरत नाही. अशा सावलीत काळ्या माशीचे फावते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि पाने-फळे काजळी धरल्यासारखी दिसू लागतात. विदर्भात यालाच ‘कोळशी’ म्हणतात. ती आली की कीटकनाशकांच्या फवारण्या सुरू होतात आणि माशीबरोबर मधमाश्यांसह कितीतरी त्रस जीव मरतात. वेळीच केलेली अल्प छाटणी ही मोठी हिंसा टाळू शकते.

शिवाय या छाटणीचा बराचसा भाग अचित्तच असतो. तोडणीनंतर झाडावर वाळलेल्या काड्या राहतात. आपल्याकडे त्यांना सल म्हणतात. सल काढताना तिच्या खालचा दोनेक सेंटीमीटर हिरवा भागही घ्यावा, अन्यथा बुरशी खाली उतरत जाते. कापण्यापूर्वी फांदीत मुंग्या अथवा घरटे नाही ना, हे पाहावे. काढलेली सल बागेत पडू देऊ नये. पेटवण्यापेक्षा दूर खड्ड्यात मातीआड करणे बरे.

आता काळ. आंबिया बहाराची फळे उतरल्यावर, डिसेंबर-जानेवारीत बाग ताणावर असताना, फुले येण्यापूर्वी हे काम उरकावे. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. त्यांच्या पाठोपाठ लगेच सल काढावी. एप्रिल-मे महिन्यांत हिरव्या फांद्यांना हात लावू नये. नागपूरचे ऊन ४५ अंशांवर जाते आणि उघडी पडलेली साल करपते. पावसाळ्यात तर ओल्या जखमेतून बुरशी सहज शिरते. चातुर्मासात हिरवे तोडू नये हा आपला नियम इथे बागायतीच्याही हिताचा ठरतो.

कलमाच्या जोडाखालून फुटणाऱ्या कोंबांची मात्र गय करू नये. आपले संत्रे बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेले असते. खुंटाचे कोंब वाढू दिले तर काही वर्षांत संत्रे मागे पडून जंबेरीच उरते. ते कोवळे असतानाच हाताने खुडावेत. कात्रीची गरजही पडत नाही. आतून सरळ वर धावणारे पाणसोट हेही असेच अन्नाचे वाटेकरी. मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावावे : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

किती कापावे, यासाठी जांभळाच्या झाडाखालचे सहा भुकेले प्रवासी आठवावेत. एकाला झाड मुळासकट हवे होते, दुसऱ्याला खोडापासून, तिसऱ्याला मोठ्या फांद्या, चौथ्याला लहान डहाळ्या, पाचव्याला केवळ फळे. सहावा खाली पडलेली जांभळे वेचून तृप्त झाला. लेश्यांचा हा दृष्टांत आपण मंदिरातील चित्रांत पाहतो, बागेत मात्र विसरतो. भरपूर फुटवे येतील या आशेने निरोगी झाड बोडके करणारा माळी तिसऱ्याच्या पंगतीतला होय. त्याचे अनुकरण नको. गरजेवाचून हिरवे तोडणे हा अनर्थदंडच, आणि त्यात पुढील बहाराचीही हानी आहे.

काटोल-नरखेडकडे बाग असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. उभा बहार व्यापाऱ्याला विकला की भाव चढेपर्यंत फळे झाडावर लोंबत राहतात. झाड थकते, सल काढण्याचा काळ टळतो आणि त्याचा भार मालकावर पडतो. म्हणून सौदा ठरवताना दराबरोबर तोडणीची अखेरची तारीखही लिहून घ्यावी.