बोटीवरची बक्षिसी : कोणाला, केव्हा आणि किती?

आपल्या वस्तीत बोटीचा प्रवास म्हटला की आजवर एकच आठवण निघत असे. ४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून गोलमेज परिषदेला निघाले, ती. सामान्य माणसाने बोटीत बसावे ते पोटासाठी, मौजेसाठी नव्हे, असाच आपला समज होता. आता दिवस पालटले आहेत. बुधवार पेठेतली, मिलिंदनगरातली मुले-मुली शिकली, बँकेत, रेल्वेत, पुण्याच्या कंपन्यांत लागली. त्यांतला एखादा मुलगा आई-वडिलांच्या हातावर मुंबई-गोवा बोटीचे तिकीट ठेवतो. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही मोठी प्रवासी बोट मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागली, तेव्हापासून ही हौस आपल्याही घरांच्या टप्प्यात आली आहे. वर्षाकाठी नाही, पण जन्मात एकदा.

अशा जाणाऱ्यांनी आम्हाला विचारलेला प्रश्न समुद्र लागण्याचा नसतो, जेवणाचाही नसतो. "तिथे वेटरला, खोली झाडणाऱ्याला पैसे द्यावे लागतात म्हणे. किती द्यायचे? नाही दिले तर आपली शोभा होईल का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात मोठी गोष्ट आहे. म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

नव्या पेठेतल्या हॉटेलात आपण जेवतो, बिल बडीशेपेच्या ताटलीतून येते आणि सुटे पैसे किंवा दहा-वीसची नोट ताटलीतच ठेवून आपण उठतो. ती आपली खुशी. बोटीवर बहुतेक ठिकाणी तसे नसते. तिथे चढताच तुमच्या नावाचे एक कार्ड मिळते. खोलीचे दार त्यानेच उघडते, आणि बोटीवर काहीही विकत घ्या, रक्कम त्या कार्डावर चढते. रोख पैशांचा व्यवहार जवळजवळ नसतो. याच कार्डावर, किंवा तिकीट काढतानाच, 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सर्व्हिस चार्ज' नावाची रक्कम लावलेली असते. हा शब्द वाचून फसू नका. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी वेगळी. ही म्हणजे टिप, आणि ती तुम्हाला न विचारता लावलेली.

परदेशी कंपन्यांत ही रक्कम लहान नाही. रॉयल कॅरिबियन कंपनीने नोव्हेंबर २०२४ पासून साध्या खोलीसाठी दर माणशी दर दिवशी साडेअठरा डॉलर ठरवले. मुलांचीही तेवढीच लागते. चौघांचे कुटुंब चार दिवस गेले तर २९६ डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. आपल्याकडे कित्येक घरांचा दीड-दोन महिन्यांचा किराणा यात येतो. याशिवाय सरबत, कॉफी, कोल्ड्रिंक वेगळे मागवले की त्या बिलावर साधारण अठरा टक्के आणखी. (दारूच्या पॅकेजवरही लागतात, पण आमचे वाचक त्या वाटेला जाणार नाहीत असे धरून चालतो.) म्हणून पहिली गोष्ट ही की, तिकिटाची रक्कम ऐकून हुरळून जाऊ नये. मुलाला सांगावे, "बाबा, भाडे किती, बंदराचा कर किती, जीएसटी किती आणि ग्रॅच्युइटी किती, हे वेगळे वेगळे लिहून दाखव." ग्रॅच्युइटी तिकिटातच भरली असेल तर बोटीवर पुन्हा देण्याचे तुमच्यावर काही बंधन नाही. शेजारच्या टेबलावरचे शेठजी पाचशेची नोट काढतात म्हणून आपणही काढलीच पाहिजे असे नाही. दोनदा देणे हे दातृत्व नव्हे, ते बिल न वाचणे आहे.

जमिनीवरच्या हॉटेलांबाबत आपल्या देशात नियम वेगळा आहे, तोही इथेच सांगून टाकतो. हॉटेलवाल्यांनी बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी जाहीर केले. हॉटेलमालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने तो नियम कायम ठेवला. मुंबई-पुण्यात बोटीच्या आधी-नंतर जेवायला बसलात आणि बिलात हा आकडा दिसला, तर तो काढायला सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावावा.

मग कोणी म्हणेल, तोच हक्क बोटीवर का वापरू नये? पुष्कळ परदेशी बोटींवर तशी सोय आहेही. काउंटरवर जाऊन सांगितले की ती रक्कम काढून टाकतात, आणि आपल्याकडची काही शहाणी मंडळी शेवटच्या रात्री तिथे रांग लावतात. आम्हाला हे मुळीच पटत नाही. का पटत नाही हे समजण्यासाठी टिपेचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे, आणि तो बोटीवर नव्हे, अमेरिकेच्या रेल्वेत घडला आहे.

तिथे गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर पुलमन नावाच्या कंपनीने रात्रीच्या प्रवासासाठी झोपण्याचे आलिशान डबे काढले आणि त्यांत अंथरूण घालायला, बूट पुसायला, सामान उचलायला हजारो काळी माणसे ठेवली. त्यांतले कित्येक कालपर्यंत गुलाम होते. पगार इतका तुटपुंजा की घर चालायचे ते प्रवाशांच्या टिपेवर. म्हणजे मालकाने द्यायचा पगार त्याने प्रवाशाच्या खिशातून वळता केला. टिप हवी म्हणून नोकराने हसले पाहिजे, अपमान गिळला पाहिजे. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला सरसकट 'जॉर्ज' अशी हाक मारीत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायचे, तीच ही रीत. ज्या समाजाला गावाने नावाने नव्हे, जातीने हाक मारली, त्याला या 'जॉर्ज'चा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हे पोर्टर त्या शहराच्या स्टेशनांवर रोज राबत होते.

१९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी युनियन काढली. मागणी काय होती? टिप वाढवा, ही नव्हे. आम्हाला जगण्यापुरता पगार द्या, कामाचे तास कमी करा, ही. बारा वर्षे झुंज चालली आणि १९३७ साली कंपनीला करार करावा लागला. महिन्याचे काम जवळजवळ चारशे तासांवरून दोनशे चाळीस तासांवर आले. पण इतर ठिकाणी जुनी खोड गेली नाही. अमेरिकेत टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार केंद्राच्या कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही.

प्रवासी बोटींवर टिपेची जी पद्धत आज दिसते, ती मुख्यतः अमेरिकी गिऱ्हाइकांमुळे रुजली. पूर्वी शेवटच्या रात्री पाकिटे देत, आता कंपनी कार्डावरच लावते. बोटी बहामा, पनामा, माल्टा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदलेल्या, त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदाही तिथे चालत नाही. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. पुष्कळ कंपन्यांत वेटरच्या आणि खोली आवरणाऱ्याच्या कमाईचा मोठा भाग या ग्रॅच्युइटीतूनच येतो. तेव्हा काउंटरवर जाऊन ती काढून टाकली, तर कंपनीचे काही जात नाही. जाते ते त्या पोराचे. पद्धत अन्यायाची आहे, हे आम्ही शंभर वेळा म्हणू, पण त्या अन्यायाची वसुली राबणाऱ्याच्या ताटातून करणे कोणत्या न्यायात बसते? सेवा खरोखर वाईट मिळाली तर तक्रार करावी. फक्त पैसे वाचवण्यासाठी ती काढू नये.

सोलापूरकरांना हे कळायला परदेशी जाण्याची गरज नाही. ज्यांच्या घरातले कोणी जुन्या मिलमध्ये, लक्ष्मी-विष्णूत, नरसिंग गिरजीत राबले, त्यांना दिवाळीचा बोनस म्हणजे काय हे ठाऊक आहे. १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी संप केला, तेव्हा सरकारी समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. मालकाची मर्जी, दिला तर दिला. तीच मर्जीची वस्तू पुढे १९६५ सालच्या कायद्याने हक्काची झाली. बलुत्याचेही तेच. काम ठरलेले, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मनावर. बक्षिसी अजून त्याच जुन्या पायरीवर उभी आहे.

म्हणूनच ती द्यावी कशी, याला आम्ही किती द्यावी यापेक्षा जास्त महत्त्व देतो. खोली आवरणारा, टेबलावर वाढणारा, यांच्या छातीवर नावाची पट्टी असते. ते नाव वाचावे आणि नावाने हाक मारावी. "ए पोऱ्या", "ए वेटर", चुटक्या वाजवणे हे आपल्या तोंडी, आपल्या हाती शोभत नाही. आपल्या मुलांसमोर तर नाहीच. ग्रॅच्युइटी भरलेली असूनही एखाद्याने जीव लावून काम केले, म्हाताऱ्या आईला हात धरून जेवणघरात नेले, बाळासाठी रोज दूध गरम करून दिले, तर वर काही द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तसे असेल तर तीन रात्रींच्या सफरीला खोली आवरणाऱ्याला एका खोलीमागे तीनशे-पाचशे रुपये, आणि टेबलावरच्या वेटरला तेवढेच, आमच्या मते पुरे. ऐपत नसेल तर शंभरही चालतील. ग्रॅच्युइटी कुठेच लावलेली नसेल तर मात्र ही रक्कम आधीपासून वेगळी काढून ठेवावी आणि ती चुकवू नये.

वेळ शेवटच्या रात्रीची. सकाळी उतरण्याची घाई असते, माणूस सापडत नाही. पैसे पाकिटात घालावेत, वर नाव लिहावे, आणि हातात देऊन आभार मानावेत. परदेशी बोटीवर सुटे डॉलर न्यावेत, पण नाणी देऊ नयेत. ती बदलून घेताना त्यांना अडचण होते. मुलाच्या हातून पाकीट देववून फोटो काढणे आम्हाला रुचत नाही. जुने कपडे, उरलेला फराळ, अर्धी राहिलेली शेंगाचटणी खोलीत 'त्याला होईल' म्हणून ठेवून येणे तर अजिबात नको. उष्टे-शिळे तुकडे घेणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्याला सांगितले. आपण घेणे सोडले ते दुसऱ्याला देण्यासाठी नव्हे. डबा द्यायचाच तर नवा, बांधलेला, आणि त्याला विचारून.

कप्तान, अधिकारी, डॉक्टर यांना टिप देत नाहीत. बंदरावरचे हमाल बोटीचे नोकर नव्हेत, त्यांचा दर आधीच ठरवावा. आणखी एक गोष्ट फुकट आहे आणि कित्येकदा पैशाहून जास्त कामाची आहे. शेवटी अभिप्रायाचा कागद येतो किंवा मोबाइलवर प्रश्न येतात. त्यात त्या माणसाचे नाव घालून दोन ओळी चांगले लिहावे. त्याच्या बढतीला, पुढच्या कराराला त्याचा उपयोग होतो.

आता दुसऱ्या बाजूचे. हॉटेल मॅनेजमेंट शिकून बोटीवर जाऊ पाहणारी मुले आपल्याही घरांत आहेत. उद्या ती नावाची पट्टी आपल्या मुलीच्या छातीवर असेल. एजंट सांगतो, "महिन्याला लाख रुपये सुटतील." आई-वडिलांनी विचारावे, त्यात मूळ पगार किती आणि टिप धरून किती? करारात हे दोन आकडे वेगळे लिहून घ्यावेत, कारण प्रवासी कमी आले की टिप आटते, घरचा हप्ता आटत नाही. सागरी कामगारांसाठी २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ साली मान्य केला. वेटर आणि सफाई कामगारही त्यात येतात. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आणि नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यात लिहिलेले आहे. एजंटाकडे केंद्र सरकारचा 'आरपीएसएल' परवाना आहे का, हे पाहिल्याशिवाय आणि परवाना क्रमांक तपासल्याशिवाय घरातला एक दागिनाही मोडू नका.