सर्व्हर बदलला, पासवर्ड तोच

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत संपली आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्या यायच्या थांबल्या. सेंटओएस ८ तर त्याआधीच गेली होती. ती २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की, २०२१ च्या अखेरीस ती बंद होणार. मग हलवाहलव सुरू झाली. कुणी रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर गेलं, कुणी डेबियनवर, तर काहींनी लिनक्सच सोडून फ्रीबीएसडी गाठलं. फाइली नेणं सोपं असतं. खरी कसोटी लागते ती माणसांची खाती नेताना.

अशा वेळी सगळ्यांना एकच तात्पुरता पासवर्ड देऊन मोकळं होण्याची पद्धत सर्रास दिसते. माझा तिला ठाम विरोध आहे. तो पासवर्ड व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतो, चिठ्ठीवर उतरून मॉनिटरला चिकटतो आणि ज्यांनी तो बदललाच नाही, त्यांची खाती कुणाहीसाठी उघडी राहतात. बहुतेक वेळा याची गरजही नसते.

पासवर्ड सर्व्हरवर जसाच्या तसा साठवलेला नसतो. त्यावर गणिती प्रक्रिया करून निघालेला हॅश तेवढा ठेवलेला असतो. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसा हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. लॉगिन करताना तुम्ही टाकलेला पासवर्ड त्याच प्रक्रियेतून जातो आणि निघालेला हॅश जुन्याशी जुळतो का, एवढंच पाहिलं जातं. म्हणजे न्यायचा असतो तो हॅश, आणि प्रश्न एकच उरतो: तो ज्या पद्धतीने बनला ती पद्धत नव्या प्रणालीला येते का?

युनिक्सवरची जुनी पद्धत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात मांडली. तीत डीईएसवर आधारलेली प्रक्रिया २५ वेळा चालायची, आणि दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश सहसा वेगळा यावा म्हणून ‘सॉल्ट’ नावाची ४,०९६ पैकी एक संख्या त्यात मिसळली जायची. पण पासवर्डाची पहिली ८ अक्षरंच, म्हणजे ८ बाइटच, मोजली जात. देवनागरीत पासवर्ड लिहिणाऱ्याला याचा केवढा फटका बसतो ते पाहा. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे ८ बाइटांत दोन चिन्हं पुरती बसतात आणि तिसऱ्याची फक्त सुरुवात येते. ‘महाराष्ट्र’ आणि ‘महाभारत’ या दोन्ही शब्दांचे पहिले ८ बाइट तंतोतंत सारखे आहेत! या पद्धतीने साठवलेलं ‘महाराष्ट्र’ असेल, तर ‘महाभारत’ टाकूनही दार उघडेल. असे हॅश आजही कुठे सापडले तर ते नव्या सर्व्हरवर नेऊच नयेत; त्या माणसांना पासवर्ड बदलायला लावणंच योग्य.

पुढच्या पद्धतींनी एक चांगली सोय केली. हॅशच्या सुरुवातीला दोन डॉलर चिन्हांमध्ये पद्धतीची खूण असते. १ म्हणजे पौल-हेनिंग काम्प यांनी १९९४ मध्ये फ्रीबीएसडीसाठी लिहिलेली एमडी५ पद्धत. ती आता सुरक्षित राहिली नाही, असं त्यांनीच २०१२ मध्ये जाहीर केलं. २ ने सुरू होणारी खूण बीक्रिप्टची. ओपनबीएसडीच्या नील्स प्रोवोस आणि डेव्हिड माझिएर यांनी ती १९९९ मध्ये मांडली. तिची मर्यादा ७२ बाइटांची, म्हणजे देवनागरीची २४ चिन्हं. एकटा ‘क्षि’ त्यांतली चार खातो. ६ म्हणजे एसएचए-५१२ आणि वाय म्हणजे येसक्रिप्ट.

सेंटओएस ७ मूळ मांडणीत ६ ची पद्धत वापरते आणि ती फ्रीबीएसडीलाही येते. त्यामुळे या वाटेवर हॅश जसेच्या तसे चालतात. उलट, डेबियन ११ पासून नवे पासवर्ड येसक्रिप्टने साठवले जातात. तसा हॅश सेंटओएस ७ वर नेऊन ठेवला, तर अचूक पासवर्ड टाकूनही माणूस बाहेरच राहील.

हॅश जुळला तरी रकाने जुळत नाहीत. लिनक्सच्या पासवर्ड फाइलीत ७ रकाने असतात आणि शॅडो फाइलीत ९. फ्रीबीएसडीच्या मास्टर फाइलीत १०. लिनक्समध्ये खात्याची मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत मोजतात, तर फ्रीबीएसडीत सेकंदांत. १ जानेवारी २०२६ ला संपणाऱ्या खात्यासाठी शॅडो फाइलीत २०४५४ हा आकडा असतो. तोच उचलून फ्रीबीएसडीत टाकला, तर ते खातं १ जानेवारी १९७० रोजी, जागतिक वेळेनुसार पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी संपलेलं ठरतं. त्या आकड्याला ८६,४०० ने गुणायला हवं. हे ठाऊक नसेल तर हॅश का चालत नाही, याचा शोध घेण्यात रात्र जाते आणि हॅशमध्ये दोष नसतोच.

फाइल हाताने बदलली तर फ्रीबीएसडीत पीडब्ल्यूडी-एमकेडीबी चालवून तिचा डेटाबेस नव्याने बनवावा लागतो, नाहीतर ती खाती प्रणालीला दिसतच नाहीत. त्यापेक्षा पीडब्ल्यू ही आज्ञा वापरावी. तयार हॅश स्वीकारण्याची सोय तिच्यात आहे. लिनक्सवर हेच काम सीएचपासवर्ड करते. पासवर्डाचा रकाना चुकून रिकामा राहिला, तर मात्र ते खातं पासवर्डाविना उघडू शकतं. म्हणून तो तपासल्याशिवाय सर्व्हर नेटवर्कला जोडू नये.

कुलूपबंद खात्यांकडेही लक्ष हवं. लिनक्स हॅशच्या आधी उद्गारचिन्ह लावतं, फ्रीबीएसडी तारांकनांमध्ये ‘लॉक्ड’ हा शब्द. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची एसएसएच किल्ली त्याच्या होम डिरेक्टरीत राहिली असेल, तर पासवर्ड बंद असूनही तो आत येऊ शकतो. अशा खात्याची मुदतही संपवून टाकावी.

फाइलींच्या मालकीचा घोळ सर्वांत उशिरा लक्षात येतो. डिस्कवर मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो. सेंटओएस ६ वर माणसांची खाती ५०० पासून सुरू होत, ७ वर १००० पासून. फ्रीबीएसडीवर १००१ पासून. खाती नव्याने उघडून क्रमांक आपोआप पडू दिले, तर एकाच्या पगारपत्रकांची मालकी दुसऱ्याकडे जाते. सेवांचे क्रमांकही वेगळे: वेब सर्व्हरचा रेड हॅट घराण्यात ४८, डेबियनवर ३३, फ्रीबीएसडीवर ८०. म्हणून माणसांचे क्रमांक कायम ठेवावेत आणि सेवांची खाती जुन्या यादीतून आणूच नयेत.

मुक्काम विंडोज असेल तर हे सारे हॅश निरुपयोगी ठरतात. विंडोजचा एनटी हॅश एमडी४ ने बनतो आणि त्यात सॉल्ट नसतो. विंडोज डोमेनमध्ये लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या कर्बेरॉसच्या एईएस किल्ल्यांच्या सॉल्टमध्ये तर सहसा रेल्मचं, म्हणजे त्या डोमेनचं, नावही असतं. तिथे एकच प्रामाणिक वाट आहे: माणूस स्वतः लॉगिन करेल तेव्हा, पासवर्ड क्षणभर उघडा हाती असताना, नव्या पद्धतीने तो साठवणं. लिनक्स जगातल्या फ्रीआयपीएमध्ये याच कामासाठी स्थलांतराची वेगळी अवस्था आहे. पहिल्या लॉगिनला कर्बेरॉसची किल्ली तयार होते, आणि माणसाला काहीच बदलल्यासारखं वाटत नाही. जे लॉगिनच करत नाहीत, त्यांच्यासाठी मुदत ठरवावी आणि तोवर जुना सर्व्हर बंद करू नये.

या सगळ्या कामात हॅशची यादी कुठल्या तरी लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, ईमेलमध्ये उतरलेली असते. चोराच्या हाती ती पडली तर तो निवांत बसून पासवर्डांचा अंदाज घेत राहतो, त्याला अडवणारं कुणी नसतं. ती यादी एसएसएचवरूनच न्यावी आणि काम होताच तिची प्रत्येक प्रत, बॅकअपमधलीसुद्धा, शोधून पुसावी.