मैल्याच्या टाकीचा उपसा

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी, जिथे घरचा मैला घराच्याच आवारातील टाकीत मुरतो, तिथे उपशाची गाडी बोलावण्यापूर्वी टाकीचे अंतरंग समजून घेणे अगत्याचे आहे. जड कण तळाशी गाळ होऊन बसतात, स्निग्ध द्रव्ये वर साय धरतात आणि मधले निवळलेले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. प्राणवायूविना जगणारे जंतू गाळाचे विघटन करतात खरे, परंतु तो निःशेष करीत नाहीत, म्हणून दोन-तीन वर्षांच्या मुदतीने उपसा अपरिहार्य ठरतो. हयगय झाल्यास गाळ शोषखड्ड्यात उतरून मातीची छिद्रे बुजवितो; आणि आपली काळी, चिकण जमीन तर पावसाळ्यात फुगून आधीच पाणी जिरू देत नाही. टाकीतील साय वाढू नये म्हणून खाणावळींनी मोरीतील तेल वेगळ्या हौदीत अडवून, थिजताच काढून टाकावे.

उपसा करणाऱ्यास दोन गोष्टी बजावून विचाराव्यात. पहिली, टाकीत माणूस उतरणार नाही ना? तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू हवेहून जड असून, प्रमाण वाढताच घ्राणशक्तीच बधिर करतो; २०१३च्या कायद्याने असे जीवघेणे काम करवून घेणे गुन्हा ठरविले आहे. दुसरी, मैला कोठे रिता होणार? वाईच्या नगरपरिषदेने ठराविक मुदतीचा उपसा आणि मैल्यावर प्रक्रिया यांची रीतसर सांगड घातली आहे. नाल्यात ओतलेला मैला विहिरींना बाधतो. तेव्हा या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याखेरीज कोणीही काम सोपवू नये.