शेडमध्ये उभा राहणारा स्टुडिओ

अमेरिकेतल्या शिकागो अँड ऑल्टन रेल्वे कंपनीला १९०० साली आपली नवी आलिशान गाडी जगाला दाखवायची होती. अट एकच होती: इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी एकाच फोटोत यावी, कुठेही जोड नको. छायाचित्रकार जॉर्ज लॉरेन्स यांनी त्यासाठी नवा कॅमेराच बांधून घेतला. त्याची काचेची प्लेट आठ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद होती. प्लेट बसवल्यावर वजन जवळपास ६३५ किलो भरे आणि तो हाताळायला पंधरा माणसे लागत.

आज एवढी मोठी वस्तू हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने टिपता येते. मोठ्या वस्तूवर नीट प्रकाश पाडण्याचा प्रश्न मात्र फारसा बदललेला नाही. दुधाची स्टीलची टाकी, ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर, सात आसनांचा सोफा किंवा छपाईचे यंत्र यांचे कॅटलॉगसाठी फोटो लागतात, पण या वस्तू उचलून शहरातल्या स्टुडिओत नेणे परवडत नाही. मग कारखान्याच्या शेडमध्येच दोन दिवसांचा स्टुडिओ उभारतात. शेड मोठी असली की काम भागले, असे मालकाला वाटते. जागा हवीच, पण ती कशासाठी हवी हे समजून घेण्यासारखे आहे.

चार मीटर रुंद यंत्राभोवती थोडी मोकळी जागा धरून पाच मीटरची चौकट घेऊ. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची वाइड लेन्स लावली तर साधारण साडेतीन मीटरवरून ते सगळे मावते. ७० मिमीची लेन्स लावली तर जवळपास दहा मीटर मागे जावे लागते. यंत्र दोन मीटर खोल असेल, तर जवळून घेतलेल्या फोटोत त्याची मागची बाजू पुढच्या बाजूच्या ६४ टक्केच दिसते आणि यंत्र फुगल्यासारखे वाटते. दहा मीटरवरून तीच मागची बाजू ८३ टक्के दिसते. प्रमाण बिघडवण्याचा दोष लोक लेन्सला देतात, पण ते ठरते उभे राहण्याच्या अंतरावरून.

प्रकाशाचे गणित याहून कडक. दोन मीटर लांब सोफ्याच्या एका टोकापासून एक मीटरवर दिवा ठेवला, तर दुसरे टोक त्याच्यापासून तीन मीटर पडते. शाळेत शिकलेल्या व्यस्त वर्गाच्या नियमाने जवळच्या टोकावर नऊ पट उजेड! दिवा पाच मीटरवर नेला की अंतरे पाच आणि सात होतात आणि फरक जेमतेम दुपटीवर येतो. सोफा बराचसा सारखा उजळतो. पण इथेच दुसरी अडचण उभी राहते. सावलीची कड मऊ की धारदार, हे वस्तूच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो त्यावर ठरते. एक मीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यापुढे पांढरे कापड ताणलेली पेटी, पाच पट दूर नेला की तो पाचपट लहान दिसू लागतो आणि सावल्या कठोर होतात. पूर्वीचा मऊपणा हवा असेल, तर प्रकाश देणारा पृष्ठभागच पाच मीटरचा करावा लागतो.

एवढा सॉफ्टबॉक्स विकत घेण्यापेक्षा मंडपवाल्याला बोलावणे शहाणपणाचे. लोखंडी पाइपांची चौकट, तिच्यावर ताणलेले पांढरे कापड आणि मागून त्यावर मारलेला फ्लॅश, एवढ्यात पाच मीटरची उजेडाची भिंत तयार होते. छोट्या जागी बटर पेपर किंवा थर्माकोलचे तक्तेही चालतात. हॅलोजन वापरत असाल तर तो कापडापासून दूरच ठेवावा, कारण त्याची काच कापड पेटवण्याइतकी तापते. कापड निवडतानाही एक पेच आहे. ‘दुधासारखे पांढरे’ दिसावे म्हणून नव्या कापडात ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असते. ते फ्लॅशमधले किंवा उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकते. डोळ्याला ते शुभ्र वाटते आणि फोटोत क्रीम रंगाचा सोफा निळसर येतो. म्हणून त्याच प्रकाशात ठेवलेल्या राखाडी कार्डाचा एक फोटो आधी काढून त्यावरून रंग जुळवून घेणे अनिवार्य आहे. रंग चुकला तर गिऱ्हाईक सोफा परत पाठवते, आणि त्यात गिऱ्हाइकाची काही चूक नसते.

शेडमधले दिवे बंदच हवेत. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिव्यांची तीव्रता सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि वेगवान शटरमध्ये फोटोवर पट्टे उमटतात. छपराच्या पारदर्शक पत्र्यांतून येणारे ऊन ढगाबरोबर बदलते, निळी ताडपत्री सगळ्यावर निळी झाक टाकते. अनुभवी मंडळी म्हणूनच सूर्यास्तानंतर काम सुरू करतात.

टाकीसारख्या चकचकीत वस्तूची गोष्ट वेगळी. स्टीलला स्वतःचे रूप जवळजवळ नसते. आपण पाहतो ते त्यात पडलेले आसपासचे प्रतिबिंब. त्यातून गोल टाकी म्हणजे बहिर्वक्र आरसा. समोरून पाहिले तर तिच्या मध्यावर कॅमेरा आणि छायाचित्रकार दिसतात, बाजूंना शेडच्या भिंती आणि अगदी कडेला टाकीच्या मागची जागासुद्धा. ध्रुवीकरण फिल्टर इथे कामाला येत नाही. काच किंवा रंगरोगणावरची चमक तो ५५ अंशांच्या आसपास चांगली मारतो, उघड्या धातूवरची नाही. उपाय एकच: टाकीत जे दिसायला हवे तेच तिच्याभोवती उभे करायचे. दोन्ही बाजूंना पांढरे कापड, कॅमेऱ्यापुढे लेन्सपुरते भोक ठेवलेला काळा पडदा आणि चौकटीच्या अगदी बाहेर, मागच्या बाजूला काळ्या कापडाच्या उभ्या पट्ट्या. या पट्ट्यांचे प्रतिबिंब कडेवर बारीक काळी रेघ होऊन उतरते, नाहीतर पांढऱ्या पार्श्वभूमीत टाकीची कडच विरून जाते. या कामातले खरे कसब दिवे लावण्यापेक्षा काळे कापड कुठे धरायचे यात आहे.

अंधार हेसुद्धा साधन आहे, हे अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी दाखवून दिले. १९५० च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने त्यांनी रात्री टिपली. दिवसा सूर्य हलवता येत नाही आणि रूळही. रात्री मात्र प्रत्येक सावली त्यांच्या हातात होती. १९५६ मधल्या ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ या प्रसिद्ध छायाचित्रासाठी त्यांनी चाळीसहून अधिक फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटवले.

एका जागी स्थिर असलेल्या यंत्रासाठी इतके दिवे लागत नाहीत. अंधाऱ्या शेडमध्ये शटर उघडे ठेवून तोच फ्लॅश चारदा मारला की चौपट प्रकाश जमा होतो. किंवा तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये काळे कपडे घातलेला मदतनीस एलईडी ट्यूब घेऊन यंत्राच्या कडेने चालतो, आणि ट्यूबचा सारा मार्ग मिळून एकच लांबलचक दिवा झाल्यासारखा उजेड पडतो. असे वेगवेगळ्या बाजूंनी उजळलेले फोटो नंतर संगणकावर एकावर एक बसवतात. त्यासाठी कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. म्हणून ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेपने चिकटवतात, त्याला वाळूची पिशवी टांगतात, शटर रिमोटने दाबतात आणि तेवढा वेळ शेजारच्या गाळ्यातली फोर्कलिफ्ट थांबवायला सांगतात.