इंजिन बदलताना (भाग 5) : क्लच इंजिनचा की गिअरबॉक्सचा?

गेल्या आठवड्यात आपण नवं इंजिन चासीवर टेकवण्याबद्दल, म्हणजे माउंटिंगबद्दल बोललो. इंजिन बसलं, मागे जुना गिअरबॉक्सही आहे. दोघांच्या मध्ये उरतं ते बेल हाउसिंगच्या आतलं विश्व : फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. इंजिन बदललेल्या गाड्या परत गॅरेजला येतात त्या बहुधा इथल्याच चुकीमुळे.

नाशिककरांना याचं जवळचं उदाहरण म्हणजे जीप. महिंद्राने 1947 पासून विलीज जीप भारतात जोडायला सुरुवात केली. पुढे बराच काळ जीपमध्ये 134 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 2,200 सीसीचं पेट्रोल इंजिन असे. 1980च्या दशकात कंपनीने प्यूजोचं एक्सडीपी 4.90 हे 2,112 सीसीचं डिझेल इंजिन घेतलं. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला आहे. पेट्रोल परवडेना तेव्हा जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल बसवण्याचं काम गावोगावच्या मिस्त्रींनी केलं. घनक्षमता जवळपास सारखी, म्हणून क्लचही तोच चालेल असं वाटतं. तसं नसतं.

कुठला भाग कुणाचा, हे आधी ठरवा. फ्लायव्हील इंजिनचं. त्याची भोकं क्रँकच्या फ्लँजशी जुळायला हवीत आणि मधला गोल खाचा क्रँकच्या उंचवट्यावर घट्ट बसायला हवा. बोल्टनी फक्त आवळायचं असतं, फ्लायव्हील मध्यावर आणायचं काम त्या खाच्याचं. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलची, कारण ती त्याच्याच बोल्टांवर आणि डॉवेल पिनांवर बसते. क्लच प्लेट मात्र दोघांची : बाहेरचा व्यास फ्लायव्हीलप्रमाणे, मधला हब गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टप्रमाणे. रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सच्या नळीवर सरकतं, पण त्याची उंची प्रेशर प्लेटच्या बोटांवर ठरते. त्याच शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या मागच्या भोकातल्या पायलट बुशमध्ये फिरतं. हा छोटासा बुश विसरला की शाफ्ट डोलतो आणि प्लेट एका बाजूने झिजते. भोक नि टोक जुळत नसेल तर ब्राँझचा बुश लेथवर करून घ्यावा. सातपूर-अंबडमधल्या कुठल्याही चांगल्या टर्नरसाठी हे अवघड काम नाही.

हब ज्यावर सरकतो त्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनचे दात नुसते मोजून भागत नाही. अमेरिकन गिअरबॉक्सांत सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे 1⅛ इंचांचा दहा दातांचा शाफ्ट पुष्कळदा आढळतो, पण दहा दातांचे वेगळ्या व्यासाचे शाफ्टही असतात. हब शाफ्टवर हाताने पूर्ण सरकला पाहिजे, अडकता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये. मग प्लेट फ्लायव्हीलवर ठेवून पाहा : हबचा उंचवटा किंवा स्प्रिंगा क्रँकच्या बोल्टांच्या डोक्यांना घासत तर नाहीत ना? बाहेरून सगळं छान दिसत असतानाही हे घडतं आणि मग क्लच कधी सुटतच नाही.

रिंग गिअरचा प्रश्न सेल्फशी जोडलेला आहे. एकट्या विलीज जीपच्याच फ्लायव्हीलवर काळानुसार 97, 124 आणि 129 दात आले. सेल्फचा पिनियन त्या दातांशी आणि त्या व्यासाशी जुळला नाही तर किल्ली फिरवताच कर्कश आवाज येतो आणि दात तुटतात. रिंग गिअर बदलता येतो. तो तापवून, फुगवून फ्लायव्हीलवर बसवतात. मात्र सेल्फ ज्या हाउसिंगवर आहे, त्याच हाउसिंगप्रमाणे व्यास ठरवायचा.

आता जोर. क्लच किती टॉर्क पेलेल याचा हिशेब सोपा आहे : घर्षणाचा गुणांक × दाब × सरासरी त्रिज्या × दोन बाजू. समजा गुणांक 0.3, दाब 4,500 न्यूटन आणि त्रिज्या 9 सेंटिमीटर, म्हणजे 0.09 मीटर. उत्तर येतं 243 न्यूटन-मीटर. इंजिनचा टॉर्क 190 असेल तर क्लचची क्षमता त्याच्या सव्वापटीहून थोडी जास्त होते, आणि माझ्या मते याहून कमी ठेवू नये. दाब 3,000 असता तर तोच क्लच 162वर घसरला असता. म्हणून प्रेशर प्लेट निवडताना व्यासाइतकाच दाबही विचारा.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जुन्या पेट्रोल जीपचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास, त्या काळच्या अशा डिझेलचं वीसच्या पुढे. त्यामुळे प्रत्येक धक्का मोठा असतो आणि तो पचवायला जड फ्लायव्हील लागतं. वजन कमी केलं की गाडी चपळ होते, असं सांगणारे भेटतात. रेसच्या गाडीत ते खरं असेल. बाजारात माल नेणाऱ्या डिझेल जीपमध्ये इंजिन आयडलवर थरथरेल आणि गिअरबॉक्स खडखडेल. नव्या कॉमन रेल इंजिनांना बऱ्याचदा दोन भागांचं, स्प्रिंगचं फ्लायव्हील असतं. 1985 पासून ते मोटारींत आलं. त्याच्या जागी एकसंध फ्लायव्हील टाकायचं असेल तर स्प्रिंगवाली क्लच प्लेट घ्यावीच लागते.

बॅलन्सिंगवर कंजुषी करू नका. काही इंजिनांचा तोल फ्लायव्हीलवरच्या वजनानेच साधलेला असतो. फोर्डच्या 302 व्ही-8 इंजिनाला आधी 28 औंस-इंचांचं फ्लायव्हील लागे, 1980च्या दशकात ते 50 झालं. दोन्ही फ्लायव्हील त्याच क्रँकवर बसतात, आणि चुकीचं बसलं की बेअरिंग जातात. आपल्याकडच्या बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत फ्लायव्हील स्वतःपुरतं तोललेलं असतं. तरी फेसिंग केल्यावर किंवा भोकं नव्याने पाडल्यावर ते पुन्हा बॅलन्स करून घ्यावं. फ्लायव्हीलला पायरी असेल तर फेसिंग करताना दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवाव्यात, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

अडॅप्टर प्लेट लावत असाल तर हाउसिंगच्या मधल्या भोकावर डायल फिरवून पाहा. एकूण फरक पाच थाऊ, म्हणजे सुमारे 0.13 मिलिमीटरच्या आत हवा. डायल नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मालकाने उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत बदल करू नयेत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओत चौकशी करा.

आणि इंजिनचे पैसे देण्याआधी दुकानदाराला फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, सेल्फ आणि हाउसिंग इंजिनसोबतच मागा. सुटं इंजिन स्वस्त पडतं, पण हे चार भाग नंतर शोधण्यात जास्त पैसे जातात. पुढच्या भागात रिलीज फोर्क, क्लच केबल आणि पेडलची फ्री प्ले.