जुन्या लॅपटॉपची बॅटरी चार्ज होत नाही? आधी निदान, मग खर्च

सिनॉप्सिस द्यायला आठवडा उरलाय आणि जुना लॅपटॉप नुसतंच 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दाखवतोय. लगेच नवी बॅटरी मागवू नका. आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग प्रयोगशाळेतलाच नियम लावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फुकटातली चाचणी आधी करायची.

१. बॅटरी फुगली आहे का? टचपॅड वर आलंय, खालचं झाकण उचललं गेलंय, असं दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुढचं काहीच करू नका. सेलमधल्या रासायनिक विघटनामुळे आत वायू साठलेला असतो. दाबणं किंवा टोचणं म्हणजे आगीला आमंत्रण.

२. अॅडॉप्टर. लॅपटॉप त्यावर चालतोय म्हणून तो निर्दोष ठरत नाही. कमी वॅटचा अॅडॉप्टर मशीन चालवतो, पण चार्जिंगला वीज उरत नाही. तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्याच वॅटचा, त्याच मॉडेलला चालणारा अॅडॉप्टर मित्राकडून आणून बघा.

३. सेटिंग. आकडा ६० किंवा ८० टक्क्यांवरच अडतोय? मग बहुधा बॅटरीचं आयुष्य वाढवणारा मोड चालू आहे. हा बिघाड नव्हेच!

४. मोजमाप. विंडोजच्या 'बॅटरी रिपोर्ट'मध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी मिळतात. समजा, मूळ ४८,००० मिलिवॅट-तास आणि आता १२,०००. म्हणजे चौथा हिस्साच उरला. इथे बॅटरी बदलण्याला पुरावा आहे.

५. लॅपटॉप कित्येक महिने कपाटात पडून होता का? लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज असताना साधारण ४.२ व्होल्ट देतो. तो २.५ व्होल्टच्या बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुढे शॉर्ट होऊ शकतो. म्हणून बॅटरीतलं संरक्षक सर्किट चार्जिंग नाकारतं. व्हिडिओ बघून बाहेरून वायर जोडत ते 'जागं' करायला जाऊ नका.

प्रत्येक चाचणीचा निकाल तारखेसह वहीत लिहा. दुकानदार 'मदरबोर्ड गेला' म्हणाला, तर कशावरून, हे विचारायला ती नोंद हाताशी हवी.