घर झोपलंय, तार जागी ठेवा!

कापडे गावात सप्ताह बसला की देवळातला माइक एकदा तरी 'कूंऽऽई' करतोच. बुवा माइक हातात घेऊन कर्ण्यासमोर गेले की झालाच घोटाळा! लगेच मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, आवाज कमी कर!"

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला मात्र नेमकी हीच शिट्टी हवी असते, फक्त सुरात. तिलाच म्हणायचं फीडबॅक. १९६४ साली बीटल्सनी 'आय फील फाइन' हे गाणंच अशा सुराने सुरू केलं. पुढे जिमी हेंड्रिक्सने तर त्यातून वेगळी भाषाच उभी केली.

पण तुम्ही सुट्टीत गावी आलाय. आजी नऊलाच झोपते, बहिणीचं दहावीचं वर्ष. अॅम्प फुल करायची सोय नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती वेगळीच. मग फीडबॅकचा नाद सोडायचा का? मुळीच नाही!

गंमत कुठे आहे?

तार हलते, पिकअप ती हालचाल पकडतो, अॅम्प ती वाढवतो, स्पीकर हवा हलवतो आणि ती हवा पुन्हा तारेला हलवते. तारेची जेवढी ताकद विरते तेवढी या फेरीतून परत मिळाली, की सूर थांबतच नाही. म्हणजे खोलीभर आवाज नकोय. तारेपर्यंत पोचेल एवढा आवाज हवाय. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. दोन मीटरवरून २५ सेंटीमीटरवर आलात, तर बटणाला हात न लावता १८ डेसिबल कमावलेत!

आता करून बघा

अॅम्प जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा आणि गिटार त्याच्या अगदी पुढ्यात आणा. गेन वाढवा, मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवा. कॉम्प्रेसर पेडल असेल तर जोडा, विरत जाणारा सूर तो उचलून धरतो. एकच तार वाजवा, बाकीच्या हाताने दाबून ठेवा. बोटाने हलका व्हिब्राटो द्या.

तरीही जमेना? मग हेडस्टॉकची कड अॅम्पच्या लाकडी खोक्याला हळूच टेकवा. आता कंपनं हवेतून नाही, थेट लाकडातून तारेत जातात. अगदी कमी आवाजातही सूर लांबायला लागतो. सगळ्यात स्वस्त युक्ती हीच!

सूर चढला की जागा बदलून बघा. २२० हर्ट्झच्या सुराची लाट हवेत साधारण दीड मीटर लांब असते. त्यामुळे वीतभर सरकलात तरी सूर बदलू शकतो, कधी एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. १९७७ मध्ये डेव्हिड बोवीच्या 'हीरोज' गाण्यासाठी रॉबर्ट फ्रिपने कुठला सूर कुठे उभं राहिल्यावर मिळतो, त्या जागांवर जमिनीवर टेपच्या खुणा केल्या होत्या. तुम्ही खडूने करा.

नुसतीच कर्कश शिट्टी येतेय? सगळ्या तारा हाताने दाबा. तरी ती थांबली नाही, तर तार गात नाहीये, पिकअपच किंचाळतोय. गेन कमी करा.

हेडफोन लावलात तर मात्र ही फेरीच तुटते, कारण आवाज तारेपर्यंत पोचतच नाही. तेव्हा ईबो कामाला येतो. हातात धरायचं हे छोटं यंत्र ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि चुंबकाच्या जोरावर तार हलती ठेवतं. फीडबॅकची नक्कल करणारी पेडलंही मिळतात, पण खिसा बघून ठरवा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. घुंईऽऽ थांबवायची म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. बिघाड झाला तर शॉक थेट तुमच्या हाताला.

आणि सकाळी आजीने विचारलं, "काय रे, काल वाजवलं नाहीस?" तर समजा, जमलं!